दोन सेकंदांची सूट

धारगळला हायवेवर जिथे तीन रस्ते मिळतात, त्या तिठ्यावर मी अकरा वर्षं उभी होते. होमगार्ड म्हणून. खाकी कपडे, टोपी आणि गळ्यात शिट्टी. लोक मला पोलीसबाई म्हणायचे, आणि मी पोलीस नाही हे सांगायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. पण मला ते ठाऊक होतं ना! पोलिसाला रजा, पोलिसाला पेन्शन. मी तापानं फणफणून घरी पडले, तर त्या दिवशी मी कोणीच नव्हते.

काम मात्र मी पोलिसासारखंच करायचे, त्यात कसूर नाही. लांब एक शिट्टी, हात वर, तळवा समोर: थांबा. दोन आखूड शिट्ट्या: चला. बस्स, एवढंच व्याकरण. पण एवढ्याशा व्याकरणावर मी कंटेनर अडवलेत, मंत्र्याची गाडी अडवली आहे, आणि एकदा तर रेडा. सवय इतकी हाडीमासी भिनली की घरी कुकरची शिट्टी झाली तरी डाव धरलेला माझा हात वर जायचा. नणंद पोट धरून हसायची. "वहिनी, डाळ थांबली गो, आता जाऊ दे तिला," म्हणायची.

घरात आम्ही तिघंच असायचो. नवरा मुरगावला बंदरात कामाला, तो शनिवारी यायचा. सासरे माझ्या तिठ्यापासून हाकेच्या अंतरावर रस्त्याकडेला कलिंगडं आणि मिरच्या विकायला बसायचे. आणि ही नणंद. पदवी झालेली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, डोळ्यांना जाड चष्मा. बाल्कांवात, म्हणजे आमच्या घरापुढच्या ओट्यावर, खुर्ची टाकून दिवसभर सरकारी परीक्षेचा अभ्यास. हुशार इतकी की विचारू नका. फक्त धावणं तिच्या कुंडलीत नव्हतं. समोर बस सुटत असली तरी बाईसाहेब आपल्या चालीनं चालणार. "दुसरी येतलीच की," हे तिचं ठरलेलं उत्तर.

तेव्हा नियम असा आला होता की सरकारातल्या लहान-मोठ्या सगळ्या नोकऱ्यांची भरती एकाच आयोगाकडून. परीक्षा एकच, आणि तीही संगणकावर. कारकून असो, शिपाई असो की पोलीस शिपाई, सगळ्यांना एकाच दारातून जायचं. मी एकदा त्या दारातून जाऊन पाहिलं. पडद्यावर प्रश्न होता, एका टाकीला दोन नळ आहेत, एक भरतो, एक रिकामी करतो, टाकी किती वेळात भरेल? माझं डोकंच फिरलं. अहो, आमच्याकडे नळाला पाणीच येत नाही, आणि आलं तर दुसरा नळ उघडा ठेवणारा हा गाढव कोण? मी त्या प्रश्नाशी भांडत बसले आणि वेळ संपली. निम्मे प्रश्न तर मी पाहिलेही नव्हते.

घरी येऊन मी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो रात्रीच्या जेवणापर्यंत. तिठ्यावर पोलीस लागतो की टाकी मोजणारा? अपघात झाला तर मी काय जखमी माणसाची टक्केवारी काढू?

"नाचता येईना अंगण वाकडं," नणंद पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

"तुझं ठीक आहे गो! तुला बसून लिहायचंय."

"संगणक कोणाचो भाचो नसता, वहिनी. वशिलो चलत नाय थंय. आमच्यासारख्यांका तेवढोच आधार."

"आणि संगणक कधी उन्हात उभो रवलो?" मी विचारलं.

सासऱ्यांनी माशाच्या कोडीत, म्हणजे आमटीत, भात कालवत दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "दोगांयचा खरा. आता गप जेवा."

खरं सांगते, तिचं म्हणणं मला पटत होतं, पण कबूल करायची माझी तयारी नव्हती. आमच्या भागात नोकरी म्हटली की लोक आधी विचारतात, कोणाचा माणूस आहेस? आयोग आल्यावर निदान हा प्रश्न तरी थोडा मागे पडला होता. पण माझी वयाची मर्यादा ओलांडली होती. होमगार्डांना वयात सवलत मिळायची, तीही आता एकदाच पुरेल एवढीच उरली होती. यंदा झालं तर झालं, नाहीतर पाय चालतात तोवर तिठ्यावर उभं राहायचं आणि मग घरी बसायचं. रोजच्या बोलण्यात मी हे हसून उडवून लावायचे, पण आंघोळीला गेले की एकटीच रडायचे. आज सांगायला लाज वाटत नाही.

आणि मग एक दिवस बातमी आली. पोलीस शिपायांची भरती आयोगाच्या नियमांतून वगळली. खातं आपली भरती आपणच करणार. आधी मैदानावर धावायचं, त्यात पास झाला तरच लेखी, आणि लेखी पेपर कागदावर, पेननं. होमगार्डांचा अनुभव धरला जाणार. तिठ्यावर एका ट्रकवाल्यानं मला ती बातमी मोबाइलवर दाखवली. मी आनंदाच्या भरात तिन्ही बाजूंची वाहनं एकदम सोडली. देवाची कृपा म्हणून कोणी कोणावर आदळलं नाही.

संध्याकाळी मी बेकरीतून केक घेऊन घरी गेले. "सूट मिळाली!" असं ओरडतच पायऱ्या चढले. नणंद बाल्कांवात बसली होती, मोबाइल मांडीवर. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला लागली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आयोगाच्या यादीत सगळ्यात जास्त जागा पोलीस शिपायांच्याच होत्या. दोन वर्षं ती त्याच भरवशावर टाक्या भरत आणि रिकाम्या करत बसली होती. मला सूट मिळाली, आणि तिच्या तोंडाला पानं पुसली गेली. आता आधी धाव, मग लेखी. आणि धावायचं कोणी, तर जिनं आयुष्यात बससाठी पाय उचलला नाही तिनं.

तो केक दोन दिवस तसाच होता. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी खाल्ला.

आठवडाभर घरात नुसतं भांड्यांचं बोलणं. ती ताट आपटायची, मी टोप आपटायचे. सासरे दुकानावर बसून गिऱ्हाइकांचं ऐकत आणि घरी येऊन सांगत, "आयोगातसून काढल्यानी म्हणजे वशिल्याक दार उघडल्यानी, असा लोक म्हणतत." नणंद लगेच म्हणायची, "बघ!" मी म्हणायचे, "माझा कोण वशिला? कलिंगडं?" पण आतून मला तेही खुपत होतं. उद्या मी खरंच निवडले गेले तर लोक म्हणतील, कोणाच्या तरी अंगणात जाऊन उभी राहिली असेल. अकरा वर्षं मी कुठे उभी होते ते अख्खा हायवे पाहतोय, तरी म्हणतील.

एका सोमवारी सासरे देवळात प्रसाद लावायला गेले. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं असलं की देवाच्या मूर्तीवर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालून विचारतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही दोघीही दारात टपून बसलो होतो. सासरे आले, पाय धुतले आणि पंचानं पुसत बसले.

"काय झालं बाबा? खयची पडली?" नणंदेनं विचारलं.

"खयचीच नाय. लावलंयच नाय," ते म्हणाले. "देवाक काय विचारू? एकीचा मागलंय तर दुसरी घरातच आसा."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायला लागलो. आधी ती हसली, मग मी. त्याच संध्याकाळी करार झाला: पहाटे मी तिला धावायला शिकवणार, आणि संध्याकाळी ती मला पेपर लिहायला शिकवणार.

भात कापून झालेल्या मोकळ्या मळ्यात आम्ही पहाटे उतरायचो. पहिल्या दिवशी ती दोनशे पावलं धावली आणि मेरेवर, म्हणजे बांधावर, अशी आडवी झाली की दूध घालायला निघालेली शेजारीण धावत आली, काय झालं गो म्हणून. माझी शिकवायची पद्धत म्हणजे माझी शिट्टी. मी तोंडानं "चल!" म्हणायचे आणि ती सुटायची, फेरी पुरी झाली की मी लांब शिट्टी मारायचे आणि ती थांबायची. कधीकधी ती अर्ध्यातच गयावया करायची, "वहिनी, शिट्टी मार गो!" मी मारत नसे. शिव्या द्यायची ती मला, चांगल्या शिकलेल्या शिव्या. दीड महिन्यात तिची धाप कमी झाली, दोन महिन्यांत ती ठरलेल्या वेळेच्या आसपास यायला लागली. आसपास म्हणजे कधी आत, कधी किंचित बाहेर. तिच्या हातात एक सेकंदही शिल्लक नव्हता. मला काय, मी कामावरून परत येतानाही धावत येत असे.

संध्याकाळी मेजावर पुस्तक उघडून ती माझी मास्तरीण व्हायची, आणि मास्तरीण म्हणून ती महाकडू. टक्केवारी माझ्या टाळक्यात काही केल्या शिरेना. गाढवापुढे वाचली गीता, असं ती तोंडावर म्हणायची. शेवटी तिनं पोदेराकडून, म्हणजे आमच्या पाववाल्याकडून, वीस उंडे घेतले आणि मेजावर मांडले. "ह्यातले पाच बाबांनी खाल्ले. किती टक्के?" सासरे बाजूला बसून खरोखरच खात होते, त्यामुळे गणित सुटायच्या आत आकडा बदलायचा. पण त्या गोल पावांच्या रांगांतून मला टक्के कळले. आजही कोणी टक्के म्हटलं की मला पावाचाच वास येतो.

भरतीच्या दिवशी आम्ही दोघी पहिल्या बसनं निघालो. मैदानावर शेकडो मुली. माझ्या वयाची मीच असेन. एक-दोघींनी मला "मावशी, मुलीला सोडायला आलात का?" असं विचारलं. मी नणंदेकडे बोट दाखवून म्हटलं, हो, आणि हिला हरवायलाही. नशिबानं आमचे नंबर लागोपाठचे होते, त्यामुळे आम्ही एकाच गटात आलो. आठशे मीटर. सुरुवातीच्या चुन्याच्या रेघेवर आम्ही शेजारी शेजारी उभ्या राहिलो. ती तिसऱ्यांदा चष्मा पुसत होती. मी म्हटलं, "घाबरू नको बाय, मेरेवर आडवी पडायचीस ते आठव." ती हसली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि लांब, खणखणीत शिट्टी मारली.

आणि मी थांबले.

आता हसा तुम्ही. मीही हसते. अकरा वर्षं जी शिट्टी ऐकली की जग थांबवायचं, ती ऐकली आणि माझा हात सरळ वर गेला, तळवा समोर, पाय जमिनीत रुतल्यासारखे. डोक्यात एवढंच आलं, की कोण बेशिस्त पुढे चाललंय? आणि काय सांगू, माझा तो हात पाहून डाव्या बाजूच्या दोन मुलीही थांबल्या! क्षणभरानं त्यांना कळलं आणि त्या मला काहीतरी वाईट बोलून सुटल्या. मी तशीच.

नणंद चार पावलं पुढे गेली होती. तिनं मागे वळून पाहिलं. तिला काय झालंय ते लगेच कळलं; त्या मैदानावर कळू शकेल अशी ती एकटीच होती. ती परत आली. माझा वर गेलेला हात धरून तिनं खाली ओढला आणि कानात ओरडली, "काय करतस गो वहिनी? धाव!"

मग मी धावले. कशी धावले ते मला आठवत नाही. शरमेनं धावले. पहिल्या वळणावर त्या दोन मुलींना मागे टाकलं, पुढच्या फेरीत आणखी काहींना, आणि पोचले ती वेळेच्या बरीच आत. वळून पाहिलं. नणंद शेवटच्या वळणावर होती. चष्मा नाकावरून घसरलेला, तोंड लाल झालेलं, पण पाय उचलत होती हो, मळ्यात कधी उचलले नव्हते असे उचलत होती. मी रेघेपाशी उभी राहून ओरडत होते, "धाव गो बाय! धाव!" ती रेघ ओलांडून माझ्या अंगावरच पडली.

"दोन सेकंद जास्त," साहेब म्हणाले आणि तिच्या नंबरापुढे फुली मारली.

मी चवताळलेच. सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, साहेब, ती माझ्यासाठी मागे फिरली. तुम्ही पाहिलंत. ते दोन सेकंद माझे आहेत, तिचे नव्हेत. माझ्या वेळेतले काढा आणि तिला द्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. "बाई, पाहिलं मी. पण घड्याळ माझ्या हातात आहे, नियम नाही."

"अख्ख्या खात्याला आयोगाच्या नियमांतून सूट मिळते," मी म्हटलं, "आणि दोन सेकंदांना सूट नाही?"

मागून नणंदेनं माझा टी-शर्ट ओढला. "चल गो, पुरे झाला. माका भूक लागलीय."

बसस्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही भाजी-पाव खाल्ला. म्हणजे तिनं खाल्ला, मी नुसता पाव कुस्करत बसले. मी विचारलं, "कित्याक फिरलीस तू मागे?"

तिनं पावाचा तुकडा भाजीत बुडवला. "तू नापास झाली असतीस तर आयुष्यभर घरात तेच ऐकावं लागलं असतं. आयोग, टाकी, नळ. माका परवडलां नसतां." मग तो तुकडा खाऊन म्हणाली, "आणि माझी दुसरी बस आहे वहिनी. आयोगाची. तुझी ही शेवटची होती." मग मात्र मी त्या हॉटेलात, चार लोकांदेखत, ओक्साबोक्शी रडले. ती वेटरला म्हणाली, भाजी तिखट आहे तुमची.

लेखी पेपरात टक्केवारीचे तीन प्रश्न आले. तिन्ही मी पावावर सोडवले. यादी लागली त्यात माझं नाव होतं. लोक जे बोलायचे ते बोललेच. कोणाचा माणूस म्हणे! सासरे दुकानावर प्रत्येक कलिंगडाबरोबर गिऱ्हाइकाला सांगायचे, "सुनेचो वशिलो माझा चेडू." चेडू म्हणजे मुलगी. ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही, आणि तेही उलगडून सांगत बसायचे नाहीत.

नणंदेची दुसरी बस खरोखरच आली. पुढच्याच वर्षी ती आयोगाच्या परीक्षेत पास झाली, संगणकावर, टाक्याबिक्या सगळ्या भरून, आणि वाळपईला सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागली. मला ट्रेनिंगनंतर डिचोलीला नेमणूक मिळाली, ते तर माझं माहेर. दोघींचा रस्ता डिचोलीपर्यंत एकच. सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसून ती येते, आणि डिचोलीला उतरून वाळपईची बस पकडते.

पकडते म्हणजे काय, तिचं ते जुनं दुखणं! उतरल्यावर आधी हॉटेलात जाऊन भाजी-पाव बांधून घेणार, बाईसाहेबांच्या चालीनं. तेवढ्यात बस स्टँडवरून सुटते आणि बाजाराजवळच्या तिठ्यावर, माझ्या ड्युटीच्या जागेवर येते. मी लांब शिट्टी मारते. हात वर, तळवा समोर. बस करकचून थांबते, मागच्या गाड्या थांबतात, ड्रायव्हर कपाळाला हात लावतो, रोजचंच आहे त्याला. आणि समोरून माझी नणंद येते, एका हातात पार्सल, दुसऱ्या हातानं चष्मा सावरत. धावत.

"धाव गो बाय!" मी तिठ्यावरून ओरडते, खाकीत आहे ते विसरून.

ती पायरीवर चढते. कंडक्टर खिडकीतून म्हणतो, "मॅडम, चढली ती, सोडा आता!" मी सोडत नाही. हात तसाच वर ठेवते आणि मनात मोजते: एक, दोन.

मग दोन आखूड शिट्ट्या मारते.